कपाट कायम उघडे असते

चौफुल्याला एसटीत चढल्याबरोबर नीलमला खिडकीची जागा मिळाली, आणि जागा मिळाली की माणसाला उगाच आपलं नशीब बरं वाटतं, तसं तिला वाटलं. मांडीवर पर्स, पर्सवर ट्रेनिंगचं रजिस्टर. पारगावचा पूल यायच्या आत जानेवारी महिना एकदा नजरेखालून घालावा, एवढाच तिचा विचार. अकरा वाजता शिरूरच्या साइटवर सरकारी इन्स्पेक्टर साहेब येणार होते आणि त्यांना हे रजिस्टर दाखवायचं होतं. महिनाभर ते दौंडच्या ऑफिसात शेठच्या टेबलाच्या खणात पडलेलं, काल संध्याकाळी तिच्या हातात आलं. रोजचं एक पान, वर तारीख, त्याखाली विषय, खाली चौदा नावं, नावांपुढं चौदा सह्या. ती पानं उलटत गेली. सोळा, सतरा, अठराचा रविवार सोडलेला, एकोणीस. मग वीस जानेवारी. विषय : अमोनिया गळती झाल्यास काय करावे. सातवं नाव हौसराव वाबळे, आणि त्यापुढं ठसठशीत सही, हौ. वाबळे. तिनं पुढचं पान उलटलं. एकवीस, विषय : शिडीचा सुरक्षित वापर, हौ. वाबळे. सव्वीस जानेवारीला सगळा देश झेंड्याला सलाम करत होता तेव्हा हौसराव हेल्मेटचं महत्त्व ऐकत होता. एकतीसला तर सही जरा जास्तच झोकदार. आता बोला! हौसराव वाबळे एकोणीस तारखेला दुपारी बारा वाजता, त्याच साइटवर, अमोनियानंच मेला होता. मेल्यावर त्यानं रविवार वगळून अकरा दिवस सुरक्षिततेचं ट्रेनिंग घेतलं होतं, एकही खाडा न करता.

नीलमनं रजिस्टर मिटलं. शेजारच्या म्हातारीनं पाहिलं का? म्हातारी पिशवीतली मेथी निवडत होती, तिला कसलं रजिस्टर आणि कसलं काय. पण नीलमच्या नाकात अमोनियाचा तो वास शिरला, तिखट, डोळ्यांत सुई घातल्यासारखा, आणि तिनं खिडकी पुरती उघडली तरी तो गेला नाही. गेला महिनाभर हे असंच चाललेलं. भाताचं झाकण काढलं की तो वास, धुतलेल्या कपड्यांना तो वास. सासूबाई म्हणजे पुतळाबाई म्हणाल्या, तुझ्या नाकातच काहीतरी झालंय, डॉक्टरला दाखव. आणि गंमत अशी की नीलमनं तो वास त्या दिवशी घेतलाच नव्हता. ती साइटवर नव्हतीच. मग आठवण कुणाची येत होती?

वर्षभराचा सेफ्टीचा डिप्लोमा केला तेव्हा तिला वाटलं होतं, आपण माणसांचे जीव वाचवणार. आनंदराव शेठची फर्म कोल्ड स्टोरेजची, दूध थंड करायच्या प्लांटची आणि कारखान्यांच्या पाण्याच्या पायपांची कामं घ्यायची, दौंडपासून शिरूरपर्यंत. शेठ पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "मॅडम, जीव वरचा वाचवतो. तुम्ही कागद वाचवा." ती हसली होती. नोकरीच्या पहिल्या दिवशी माणूस कशालाही हसतं. नियम असा की रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं माणसांना त्या दिवसाच्या कामातले धोके सांगायचे आणि सही घ्यायची. पण रोज सकाळी केडगावहून निघून कुठकुठल्या साइटवर ती पोचणार कशी? आणि फिटर, वेल्डर लोक पाना सोडून पेन धरायला राजी कुठं? मग हळूहळू रीत पडून गेली. महिन्याची एक तारीख सह्यांची. त्या दिवशी वडापाव आणि चहा फर्मतर्फे, आणि ओळीनं बसून सगळ्यांनी महिन्याच्या सगळ्या पानांवर सह्या ठोकून टाकायच्या. विषय नीलम नंतर घरी बसून भरायची, टीव्ही बघता बघता. सगळेच कंत्राटदार असंच करतात, यात पाप ते काय? एक जानेवारीलाही असंच झालं. हौसराव तळेगाव ढमढेऱ्याचा, पन्नाशीकडं झुकलेला, पाइप जोडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. सही करताना जिभेचं टोक बाहेर काढायचा. शेवटच्या पानावर सही करून त्यानं वडापावाचा घास घेतला आणि म्हणाला, "चला मॅडम, म्हंजी येकतीस तारखंपतोर जगायची ग्यारंटी झाली." सगळे हसले. तीही हसली, आणि तिनं त्याला आणखी एक वडापाव दिला होता, हे तिला आत्ता एसटीत आठवलं आणि उगाचच बरं वाटलं.

तिनं शेठना फोन लावला, तोंडावर पदर धरून. "साहेब, रजिस्टरमध्ये घोळ आहे. हौसरावांच्या सह्या एकतीसपर्यंत आहेत."

"आं?" मग शेठना समजलं. आधी एक शिवी, ती कुणाला होती कोण जाणे. "महिनाभर काय झोपा काढत व्हता का? पानं फाडा."

"पानांवर छापील नंबर आहेत. पहिल्या पानावर इन्स्पेक्टर साहेबांच्याच ऑफिसचा शिक्का आहे, शंभर पानं म्हणून."

"मग काय करायचं ते तुमचं तुम्ही करा. मी येत न्हाई आज, पाटसला हाय. येक लक्षात ठिवा मॅडम, पानापानावर खाली ट्रेनर म्हणून सही तुमची हाय. ट्रेनिंग झालंच न्हाई असं निघालं तर केस माझ्यावर हुईल तवा हुईल, आधी तुमच्यावर हुईल." आणि फोन बंद.

भीमेवरचा पूल आला आणि गेला, तिला दिसलाही नाही. खाली पाणी होतं की नव्हतं? तिच्या बोटांना चिकट वाटायला लागलं. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं, तीच. तिनं ती साडीला पुसली. ती बोटं एकोणीस जानेवारीला तिळगुळाच्या पाकात होती. घरी हळदीकुंकू, चाळीस बायका यायच्या, म्हणून तिनं सोमवारची रजा टाकली होती. पाक पक्का व्हायच्या बेतात, लाडू गरम असतानाच वळावे लागतात, एकदा गार झाला की हात मारत बसा. आणि ओट्यावर फोन वाजला. हौसराव फिटर. तिनं नाव वाचलं. वाचलं हे खरं. फोन पर्समध्ये होता, ऐकलाच नाही, असं ती नंतर सगळ्यांना सांगत आली. हात भरलेले होते. नंतर करू, एवढंच मनात आलं. त्या पाच-सहा लाडवांची गोष्ट. फोन अकरा चाळीसला वाजला आणि थांबला, परत वाजला नाही. एकदाच केला त्यानं. दुसऱ्यांदा केला असता तर उचलला असता की! इतकं मोठं काम होतं तर माणसानं दोनदा करू नये? या प्रश्नावर येऊन तिचं मन रोज थोडा वेळ विसावा घ्यायचं. चूक अर्धी त्याची झाली.

तो फोन कशासाठी होता हे तिला ठाऊक होतं, जगात आता फक्त तिलाच ठाऊक होतं. चावीसाठी. साइटच्या ऑफिसात एक लोखंडी कपाट, त्यात अमोनियाचे सहा मास्क, नवे कोरे, प्लास्टिकच्या पिशवीतसुद्धा तसेच. घरात पाहुण्यांच्या कपबश्या असतात ना, घरातल्या माणसानं त्यात चहा घेतला तर सासू डोळे वटारते, तसे ते मास्क. माणसांच्या हाती दिले तर घामानं, ग्रीसनं आठ दिवसांत त्यांचं पोतेरं होईल, आणि तपासणीला काय दाखवणार? शेठनं बजावून ठेवलेलं. म्हणून कपाटाला कुलूप आणि चावी नीलमच्या पर्समध्ये. त्या दिवशी व्हॉल्व्हच्या जोडातून गॅस सुटला. मशीनरूममध्ये हौसराव आणि दोघं परप्रांतीय पोरं. त्यानं पोरांना बाहेर काढलं, ऑफिसकडं धावला, कपाट ओढलं, फोन लावला, मग पंचा भिजवून तोंडाला बांधला आणि व्हॉल्व्ह बंद करायला परत आत गेला. व्हॉल्व्ह बंद केलाही. कामाला चोख माणूस. बाहेर यायचं तेवढं राहिलं. ती दोन पोरं कपाटाच्या दाराला त्यानं मारलेल्या लाथांचं बोलत होती, "चाबी नहीं थी, मॅडम, चाबी नहीं थी," पण शेठनं त्याच दिवशी त्यांना दौंडला नेऊन गावाकडच्या गाडीत बसवून दिलं. दारावरचा पोचा नंतर रंगाखाली गेला.

न्हावऱ्याला एसटी थांबली. इथून एक रस्ता तळेगावला जातो. त्या रस्त्यानं ती एकदाच गेली होती, हौसरावच्या घरी, शेठबरोबर, दहाव्या दिवशी. कांद्याच्या वावराच्या कडेला दोन खोल्या. त्याची बायको सिंधूबाई भिंतीला टेकून बसलेली, कोरड्या डोळ्यांनी. बाया तिला रडवायला बघत होत्या, रड बाई, मोकळी हो, पण ती काही रडेना. शेठ म्हणाले, हौसरावच्या जागी बाईंना साइटवर झाडायला घेऊ, आमचं माणूस आहे. दोन फेब्रुवारीपासून ती यायला लागली. गुमान यायची, झाडायची, जायची. हौसरावच्या जागी. हे शब्द नीलमच्या मनात आले आणि तिथंच थांबले. तिनं रजिस्टर परत उघडलं. नावाच्या रकान्यात तिच्याच अक्षरात हौसराव वाबळे, आणि नावाच्या आधी समासात बोटभर जागा मोकळी. तिथं सिंधूबाई लिहिलं तर? सिंधूबाई हौसराव वाबळे. आणि सहीच्या आधी नुसतं सिं. सिं. हौ. वाबळे. बाईच्या नावात नवरा असतोच, त्याला कोण हरकत घेणार! एकोणीसपर्यंत तो, वीसपासून ती. अकरा पानं, अकरा वेळा एक अक्षर आणि एक टिंब. नीलमला एकदम घाम फुटला आणि त्या घामाबरोबर, खोटं कशाला बोला, आपल्या डोक्याचं कौतुकही वाटलं. शाळेत गणित सुटल्यावर वाटायचं तसं. आणि मघापासूनचा वास गेला होता.

ती दहाला पोचली. आधी कपाट उघडलं, दार मुद्दाम अर्धवट ठेवलं. सहा मास्क पिशव्यांत चमकत होते. मग सिंधूबाईला हाक मारली. ती कुंचा दाराबाहेर ठेवून आत आली, खुर्ची पुढं केली तरी खालीच बसली.

"सिंधूबाई, तुम्हाला सही येते ना?"

"सातवी झालीय माझी, मॅडम."

"मग इथं या सह्यांच्या आधी फक्त सिं लिहायचं. अकरा पानांवर. तुमची नोकरी पक्की करायची तर कागदावर आधीपासून हजर दाखवावं लागतं."

सिंधूबाईनं पान जवळ ओढलं आणि तिचं बोट त्या सहीवर जाऊन थांबलं. तिनं बोट उचललं, पदराला पुसलं आणि परत ठेवलं. "ह्यो तर त्यांचा हौ हाय."

"हो. त्यांनी आधीच करून ठेवल्या होत्या."

"येकतीसपतोर?" तिनं पानं मोजल्यासारखी उलटली. वीस तारखेच्या पानाशी परत आली. "वीस तारखंला तर त्यांना घरी आणलं, मॅडम. सकाळी. गाडीतनं. मी कशी हजर आसंल?"

नीलमनं घड्याळ पाहिलं. खरं तर तिला त्या बाईच्या पायांशी बसावंसं वाटलं, क्षणभर अगदी वाटलं, गुडघे वाकलेसुद्धा असतील. पण दहा पंचवीस झाले होते. "साहेब तारीख विचारत नाहीत हो. विचारलीच तर व्हय म्हणायचं. तुमच्याच भल्याचं आहे."

"तुम्ही म्हणताय म्हंजी आसंल," सिंधूबाई म्हणाली आणि लिहायला बसली. लिहिताना तिच्याही जिभेचं टोक बाहेर आलं. नीलमनं मान फिरवली. नवरा बायकोचं बघून करत होता की बायको नवऱ्याचं, असला भलताच प्रश्न तिच्या मनात आला. अकरा पानं झाली. नावांच्या आधी नीलमनं स्वतः सिंधूबाई लिहिलं, त्याच शाईच्या पेनानं, दाटीवाटीनं. शेवटचं पान देताना सिंधूबाई पहिल्यांदाच जराशी हसल्यासारखी झाली. "बरं दिसतंय. दोघांचं येका जागी."

इन्स्पेक्टर साहेब अकराला आले. चांगला माणूस होता, चहासुद्धा घेतला नाही. चष्मा लावून त्यांनी जानेवारी पानोपान पाहिला, आणि वीस तारखेवर पेन टेकवलं. "या सिंधूबाई कोण?"

"मयताच्या पत्नी. त्यांच्या जागी घेतल्यात, अनुकंपा म्हणून."

"लगेच दुसऱ्या दिवशी?" साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "बोलवा त्यांना."

सिंधूबाई दाराशी उभी राहिली, पदर डोक्यावरून घेऊन. साहेबांनी आवाज मऊ केला. "बाई, तुम्ही वीस तारखेपासून ट्रेनिंगला बसलात?"

"व्हय," सिंधूबाई म्हणाली.

"मग सांगा बरं, अमोनिया सुटला तर काय करायचं?"

नीलमनं डोळे मिटले. संपलं. केडगावचं घर, सासूबाईंचं तोंड, पेपरातली बातमी, ट्रेनर म्हणून केलेल्या तीनशे सह्या, सगळं एका दमात समोरून गेलं. आणि तेवढ्यात सिंधूबाईचा आवाज आला, शाळेत कविता म्हणावी तसा, एका सुरात, तोंडातली गावची बोलीसुद्धा बाजूला ठेवून. "प्रथम घाबरू नये. इतरांना वाऱ्याच्या उलट दिशेने बाहेर काढावे. मास्क घातल्याशिवाय आत जाऊ नये. मास्क लोखंडी कपाटात असतो. कपाट कायम उघडे असते. मास्क घालून मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा आणि सुपरवायझरला कळवावे."

ही नीलमचीच वाक्यं होती. तपासणी असली की ती प्रश्नोत्तरांची झेरॉक्स वाटायची, पाठ करून या म्हणायची. साहेबांनी मान डोलावली, बराच वेळ डोलावली. "शाब्बास. शिकलेल्या सुपरवायझरलासुद्धा इतकं येत नाही." ते उठले, कपाटाशी गेले, अर्धवट दार बोटानं ढकललं. सहा मास्क मोजले. पिशव्या बघून कपाळाला जराशी आठी पडली, पण ती वहीत उतरली नाही. परत येऊन त्यांनी लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "मास्क आहेत. कपाट उघडं. ट्रेनिंग इतकं चोख की झाडणाऱ्या बाईंना पाठ. मग एवढा जुना माणूस मास्क न घालता आत गेला, याला आपण तरी काय करणार? स्वतःचाच निष्काळजीपणा." शेवटचे दोन शब्द त्यांनी जोरात उच्चारले, कारण ते त्याच वेळी कागदावर पडत होते. नीलमनं खाली सही केली. साहेबांची गाडी गेली.

ऑफिसात दोघीच राहिल्या. नीलमला सडकून भूक लागली होती. "इतकं कसं पाठ तुम्हाला?" तिनं विचारलं. विचारायला नको होतं.

"त्यांना पाठच हुईना, मॅडम. मग मी भाकरी थापायची आन् कागद तांदळाच्या डब्याला टेकवून त्यांच्याकडनं म्हणून घ्यायची. म्हणताना येकाच जागी हसायचे. कपाट कायम उघडे असते, आसं म्हटलं की फुसकन हसायचे. मी म्हणायची, हसता काय, पाठ करा, मॅडम इचारतील. का हसायचे ते काय सांगायचे न्हाईत." तिनं मान वर केली. "मॅडम, त्या दिशी बी उघडंच व्हतं?"

असा प्रश्न आयुष्यात एकदाच येतो आणि तोही उपाशीपोटी. नीलमला पाकाचा वास आला, अमोनियाचा नव्हे, गुळाचा. सांगून टाकावं? सांगितलं तर काय होईल? साहेबांचा कागद तर झाला. मेलेला परत येणार नाही, आणि जिवंत माणसाच्या गळ्याला फास. "हो," ती म्हणाली, "उघडंच होतं."

सिंधूबाई कुंच्यावर वाकली होती ती तशीच राहिली. मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो नीलमला आधी ओळखूच आला नाही. महिनाभर जे अडलं होतं ते फुटलं. "आरं मुडद्या! आरं कपाट उघडं आसून! हात लांबवायचा व्हता फक्त! येवढं घोकून घेतलं तुझ्याकडनं, रोज, रोज, हसण्यावारी नेलंस व्हय रं! कुणी सांगितली व्हती मर्दुमकी? माझा न्हाई तर न्हाई, सोताचा तरी इचार करायचा!" ती कुंचा जमिनीवर आपटत होती, रडत होती, नवऱ्याला शिव्या घालत होती, आणि नीलम उभी राहून ऐकत होती. एकेका शिवीसरशी तिच्या छातीवरचं काहीतरी उतरत गेलं. शिव्या हौसरावला चालल्या होत्या, तिला नव्हे. आता जगात कुणीच तिला विचारणार नव्हतं. बोटं कोरडी ठणठणीत झाली. ती हलकी झाली, इतकी हलकी की न्हावऱ्याला उतरून गरम भजी खायची, असंसुद्धा तिनं ठरवून टाकलं.

आणि त्याच हलकेपणात, काही विचार न करता, तपासणी आटोपल्यावर नेहमी करायची तसं, ती कपाटाशी गेली. एका मास्कची पिशवी सरकली होती ती सारखी केली. दार लावलं. कुलूप अडकवलं, चावी फिरवली, एकदा ओढून पाहिलं, चावी पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली आणि चेन ओढली.

चेनचा आवाज झाला तेव्हा तिच्या लक्षात आलं की खोलीत रडणं थांबलं आहे.

सिंधूबाई भुईवर बसली होती. तिचे ओले डोळे कुलपावर होते. तिथून ते दारावर खाली आले, जिथं नवा रंग बाकीच्या रंगापेक्षा थोडा गडद होता, तिथं थोडा वेळ थांबले, मग पर्सवर आले आणि तिथंच राहिले. नीलमनं तोंड उघडलं. धूळ बसते म्हणून, असं काहीतरी तिला म्हणायचं होतं. बाहेर कुणीतरी पाइप कापत होतं. सिंधूबाईनं पदरानं तोंड पुसलं, नाक पुसलं, कुंचा उचलला आणि उठली. दाराशी गेली. तिथं तिची पाठच दिसत होती.

"मॅडम," ती म्हणाली, आवाजात काहीच नव्हतं, "येक तारखंला सह्या करायला मीबी यायचं ना?"

"हो," नीलम म्हणाली. "वडापाव असतो. दहाच्या आत या."